गुणक कोण तपासणार?

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली आणि काही सेकंदांत लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातली गावेच्या गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. सरकारी हिशेबानेच सुमारे आठ हजार माणसे मेली. किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. त्या पहाटे सोलापूरही हादरले. ज्यांनी ती पहाट पाहिली, त्यांना आजही अंथरुणात भांड्यांचा आवाज ऐकू आला की छातीत धस्स होते.

या भूकंपावर पुष्कळ लिहिले गेले. मदतीच्या राजकारणावर लिहिले गेले, पुनर्वसनातल्या टक्केवारीवर लिहिले गेले. पण एक गोष्ट सामान्य माणसापर्यंत कधी आलीच नाही. त्या पहाटे किल्लारीच्या जमिनीने नेमके किती जोराचे, किती वेळ आणि कोणत्या लयीत हिसके दिले, याची त्या परिसरात एकही नोंद झालेली नाही! दूरच्या वेधशाळांतल्या यंत्रांनी भूकंप टिपला आणि त्यावरून त्याचे मान 6.2 च्या आसपास ठरवले गेले. पण भूकंप किती मोठा होता हे कळणे वेगळे आणि एका घराच्या पायाखाली काय घडले हे कळणे वेगळे. दुसरी गोष्ट सांगणारे यंत्र मुख्य धक्क्याच्या वेळी तिथे नव्हते. ते नंतर आले आणि नंतरचे छोटे धक्के टिपत बसले. मोठा साक्षीदार मेला आणि लहान साक्षीदारांचे जबाब झाले.

नोंद नाही म्हणजे काय होते, हे आमच्या समाजाला कोणी शिकवायला नको. गावात अत्याचार होतो, पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवून घेतली जात नाही आणि मग कागदावर ते गाव शांततेचे नंदनवन ठरते. किल्लारीचेही तसेच झाले. ऑक्टोबर 1992 मध्ये, म्हणजे वर्षभर आधी, त्याच किल्लारीत धक्क्यांमागून धक्के बसले होते. लोक घाबरले होते, विचारत होते. पण तेव्हाच्या भूकंप नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. नकाशा म्हणत होता, इथे भूकंप होत नाहीत. का होत नाहीत? तर पूर्वीची नोंद नाही म्हणून! नोंद नसणे आणि धोका नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला आठ हजार प्रेते मोजावी लागली.

आज आम्ही हा विषय काढला त्याला कारण आहे. आमच्या वस्त्यांतली मुले-मुली आता स्थापत्य अभियांत्रिकी शिकतात, काही नोकरीला लागली आहेत. त्यांच्याशी बोलताना एक शब्द पुन्हा पुन्हा कानावर आला. तो म्हणजे ‘स्केलिंग’. संगणकावर इमारत उभी करायची, तिला जुन्या एखाद्या भूकंपाची नोंद द्यायची, ती नोंद एका आकड्याने गुणायची आणि इमारत तगते की पडते ते पाहायचे. आम्ही विचारले, तो गुणक कोठून आला? बहुतेक वेळा उत्तर मिळाले, सॉफ्टवेअर देते! बाबासाहेबांच्या लेकरांनी एवढ्या उत्तरावर समाधान मानायचे का? आम्हाला वाटते, मानू नये. म्हणून ही सगळी भानगड साध्या भाषेत समजून घेऊ.

भूकंपात जमीन पुढेमागे, डावीउजवीकडे, वरखाली हलते. ते हलणे क्षणाक्षणाला टिपणाऱ्या यंत्राला प्रवेगमापक म्हणतात. त्याने काढलेली नागमोडी रेघ म्हणजे त्या भूकंपाची नोंद. जोर मोजतात तो गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत. महाराष्ट्राकडे अशी एक जगप्रसिद्ध नोंद आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, सुमारे 180 माणसे दगावली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरणाच्या आतल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने तो धक्का टिपला. धरणाच्या लांबीच्या दिशेने सर्वांत जोराचा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 63 टक्के भरला. तेव्हापासून जगभरचे अभियंते धरणांच्या अभ्यासात कोयनेची नोंद वापरत आले आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रो गावी 18 मे 1940 रोजी टिपलेली नोंद तर पाठ्यपुस्तकांतली बाराखडीच बनली. तिचा सर्वांत जोराचा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक तृतीयांश आहे.

आता प्रश्न असा की सोलापुरात बांधायच्या इमारतीसाठी नोंद आणायची कोठून? सोलापूरच्या जमिनीखाली मोठा भूकंप टिपलेला नाही. शेजारच्या किल्लारीने तो अनुभवला, पण त्याची नोंद नाही. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपातही तेच झाले. केंद्राजवळ अशी नोंद मिळाली नाही. मिळाली ती दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, अहमदाबादच्या पासपोर्ट कार्यालयाच्या इमारतीत. तिथला सर्वांत जोराचा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण अकरा टक्केच होता आणि तरीही त्या शहरात बहुमजली इमारती कोसळून माणसे मेली. म्हणून मग उसनवारी करावी लागते. कोयनेची नोंद घ्या, एल सेंट्रोची घ्या, आणखी कुठली घ्या आणि आपल्या मापाला आणून वापरा. हे मापाला आणणे म्हणजेच स्केलिंग. उसने घेण्यात पाप नाही. पण उसना सदरा अंगात घालण्यापूर्वी तो बसतो की नाही हे पाहावे लागते.

सर्वांत सोपी आणि सर्वांत जुनी रीत अशी. सोलापूरला 2002 सालच्या भारतीय मानक 1893 मध्ये तिसऱ्या विभागात धरले गेले. या विभागाचा गुणांक 0.16. म्हणजे मोठ्यात मोठ्या गृहीत भूकंपाचा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या 16 टक्के. मग कोयनेच्या नोंदीला साधारण पाव पटीने गुणा, एल सेंट्रोच्या नोंदीला साधारण अर्ध्या पटीने गुणा. दोघींचे शिखर 16 टक्क्यांवर आले. झाले काम! पण खरेच झाले का?

इथे आम्ही वाचकांना हलगीची आठवण देतो. सोलापूर जिल्ह्यात हलगी कोणाला माहीत नाही? हलगीचा एक ठेका मिरवणुकीचा, एक लेझमाचा, एक कुस्तीच्या फडातला. ध्वनिमुद्रण करून आवाजाचे बटण फिरवले तर ठेका मोठ्याने ऐकू येईल, हळू ऐकू येईल. पण लेझमाचा ठेका कुस्तीचा होणार नाही आणि अर्ध्या मिनिटाचे वादन दोन मिनिटांचे होणार नाही. गुणकाचे तसेच आहे. गुणक फक्त जोर बदलतो. लय तीच राहते, कालावधी तोच राहतो. कोयनेच्या भक्कम खडकावरच्या धरणात टिपलेली लय सोलापूरच्या काळ्या मातीवरच्या इमारतीच्या पायाखाली येईल, असे कोणी सांगितले?

आणि प्रत्येक इमारतीचीही स्वतःची लय असते. झोपाळ्याला एकदा ढकलले की तो आपल्याच वेळेत झुलतो, तशी इमारतही झुलते. समजा सोलापुरात मुलींचे चार मजली, 12 मीटर उंचीचे काँक्रीटचे वसतिगृह बांधायचे आहे. मानकातल्या सूत्राने त्याचा एक झोका साधारण 0.48 सेकंदांचा येतो. मध्यम जमिनीवर अशा इमारतीसाठी मानक सांगते की जमिनीच्या हिसक्याच्या अडीच पट हिसका इमारतीला बसेल असे धरा. म्हणजे 0.16 ची अडीच पट, गुरुत्वाकर्षणाच्या 40 टक्के. हे झाले लक्ष्य. आता शिखर सारखे करून घेतलेल्या दोन नोंदी या वसतिगृहाला लावा. समजा, 0.48 सेकंदांच्या लयीत एक नोंद 20 टक्के देते आणि दुसरी 55 टक्के देते. दोन्हींचे शिखर तेच 16 टक्के! एका नोंदीप्रमाणे वसतिगृह ठणठणीत, दुसरीप्रमाणे धोक्यात. मग ठेकेदार कोणती नोंद पसंत करील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

म्हणून पुढची रीत निघाली. शिखर जुळवू नका, इमारतीच्या लयीवर जुळवा. वरच्या उदाहरणात पहिल्या नोंदीला आणखी 2 ने गुणा, दुसरीला साधारण 0.73 ने गुणा, म्हणजे दोन्ही 40 टक्क्यांवर येतील. 1998 साली शोम, कॉर्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की असे केले तर वेगवेगळ्या नोंदींनी येणाऱ्या उत्तरांमधली तफावत बरीच घटते आणि कमी नोंदींत भरवशाचे सरासरी उत्तर मिळते. आणखी एका रीतीत नोंदीतल्या लाटाच कमीजास्त करून तिचा सगळा आलेख लक्ष्याच्या आलेखाशी जुळवतात. रीती अनेक आहेत. पण खरा प्रश्न रीतीचा नाही, तपासणीचा आहे. गुणलेली नोंद खऱ्या मोठ्या भूकंपासारखी वागते का?

ही तपासणी कशी करतात ते पाहण्यासारखे आहे. एकाच इमारतीचा नमुना घ्यायचा. त्याला आधी अशा नोंदी द्यायच्या, ज्या मुळातच जोरदार आहेत, ज्यांना गुणावे लागत नाही. मजल्यामजल्यांमध्ये किती सरक झाली ते लिहून ठेवायचे. मग मुळात दुबळ्या नोंदी घ्यायच्या, त्यांना गुणून त्याच जोरावर आणायचे आणि पुन्हा सरक मोजायची. दोन्ही उत्तरे सारखी आली तर गुणक प्रामाणिक. वेगळी आली तर गुणकात कल आहे, पक्षपात आहे. 2007 साली लुको आणि बझुरो यांनी नेमका हाच प्रश्न विचारून शोधनिबंध लिहिला. त्यांना आढळले की गुणक एकपासून जितका दूर जातो, तितका उत्तरातला कल वाढू शकतो. शिवाय तो इमारतीच्या लयीवर आणि ताकदीवरही अवलंबून असतो.

असे का होते? इमारत जोवर तडकत नाही, तोवर हिशेब सरळ असतो. जोर दुप्पट केला तर हालचाल दुप्पट. पण कॉलमला भेग पडली, लोखंड ताणले गेले की इमारत ढिली होते आणि तिचा झोका लांबतो. 0.48 सेकंदांचा झोका वाढत जातो. आता नोंदीत त्या लांब झोक्याच्या लयीत काय दडले आहे, त्यावर सगळे ठरते. खरी जोरदार नोंद बहुधा ठराविक लयीतच उसळलेली असते. इमारत ढिली झाली की त्या उसळीतून बाहेर सरकते. गुणून फुगवलेली नोंद मात्र सगळ्याच लयींत फुगलेली असते, म्हणून ती इमारतीला जास्त छळते. उलट कालावधीच्या बाबतीत ती कमी पडते. छोटा भूकंप थोडा वेळ टिकतो, त्याला कितीही गुणले तरी तो लांबत नाही आणि पुन्हा पुन्हा बसणाऱ्या हिसक्यांनी होणारी झीज त्यात दिसत नाही. म्हणजे कधी भीती खोटी, कधी भरवसा खोटा. भीती खोटी असेल तर गरिबांच्या वसतिगृहाला ‘खर्च परवडत नाही’ म्हणून लाल शेरा बसतो. भरवसा खोटा असेल तर तेच वसतिगृह मुलींच्या अंगावर येते. दोन्हीकडून मरण आमचेच!

अमेरिकेच्या 2005 सालच्या नियमांत यावर बंधने घातली गेली. निदान तीन नोंदी घ्या. तीनच घेतल्या तर सर्वांत वाईट उत्तर धरा. सात किंवा जास्त घेतल्या तर सरासरी धरा. इमारतीच्या झोक्याच्या पाचव्या भागापासून दीडपटीपर्यंतच्या सगळ्या लयींत लक्ष्य गाठले गेले पाहिजे. पुढे 2016 च्या नियमांत अकरा नोंदी मागितल्या गेल्या. आमच्याकडे? भारतीय मानकाच्या 2002 आणि 2016 च्या आवृत्त्यांत या प्रकारच्या विश्लेषणासाठी ‘योग्य’ भूकंप नोंद घ्यावी, आणि 2016 च्या आवृत्तीत ती शक्यतो मानकाच्या आलेखाशी जुळणारी असावी, एवढाच मोघम आदेश आहे. किती नोंदी, कुठल्या, गुणक किती मर्यादेपर्यंत चालेल, याचा स्पष्ट नियम नाही. ‘योग्य’ या शब्दाचा अर्थ कोण ठरवणार? या देशात ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारून आमच्या किती जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवल्या गेल्या! मोघम शब्दाच्या आडोशाला अन्याय सुखाने झोपतो, हा आमचा अनुभव आहे. म्हणून नियम स्पष्ट हवा.

काही लोक म्हणतील, हे सगळे मोठ्या इमारतींचे झाले. किल्लारीत तर माणसे माळवदाच्या घरांत मेली, तिथे कसले स्केलिंग? प्रश्न बरोबर आहे. किल्लारीत मारले ते जाडजूड दगडी भिंतींनी आणि धाब्यावर थरावर थर चढवलेल्या मातीने. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, दगड मातीच्या चिखलात बसवलेले होते, घराभोवती बांधणारी पट्टी नव्हती. हिसका बसताच भिंतीचे दोन थर फुटून वेगळे झाले आणि वरची माती खाली आली. कुडाची, पत्र्याची हलकी घरे तुलनेने तगली. जे घर प्रतिष्ठेचे तेच घर थडगे झाले! एकमजली घरकुल बांधताना कोणी संगणकावर कोयनेची नोंद चालवणार नाही आणि चालवण्याची गरजही नाही. तिथे पाया, कोपऱ्यातले लोखंड आणि दारा-खिडक्यांवरून सगळ्या घराभोवती फिरणारी काँक्रीटची पट्टी, एवढे इमानदारीने केले तरी माणसे वाचतात. पण ही पट्टी पुरेशी आहे की नाही हे ठरते कसे? प्रयोगशाळेत नमुन्याचे घर हलत्या टेबलावर बांधतात आणि टेबल भूकंपाच्या नोंदीप्रमाणे हलवतात. तिथेही नोंद कोणती आणि गुणक किती, हाच प्रश्न येतो. म्हणजे झोपडीपासून धरणापर्यंत सगळ्यांचे मरण-जगणे त्या एका आकड्याशी बांधलेले आहे.

आणि गुणक फक्त संगणकात नसतो, वाचकहो. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला. 52 गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरे देताना कुटुंबांचे तीन वर्ग पाडले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना 400 चौरस फूट. सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना 750 चौरस फूट. आता हिशेब करा. भूमिहीनाचे घर एक धरले तर मधल्याचा गुणक 1.6 आणि मोठ्या जमीनदाराचा गुणक 3! भूकंपाने कोणाचा सातबारा पाहिला होता का? ढिगाऱ्याखाली दबताना कोणाच्या छातीवर किती हेक्टर होते, हे दगडांनी विचारले होते का? आणि भूमिहीन कोण होते? ज्यांना शतकानुशतके जमीन मिळूच दिली नाही तेच. जमीन नाकारली हा पहिला अन्याय. जमीन नाही म्हणून घर लहान, हा दुसरा. जुन्या अन्यायाला गुणक बनवून नव्या गावात चुना-विटांत पक्का केला.

सरकारची बाजूही असेल. शेतकऱ्याला बैल, अवजारे, धान्य ठेवायला जागा लागते, असे सांगता येईल. मग त्याची तपासणी झाली पाहिजे होती. भूमिहीनाच्या घरात माणसे कमी असतात काय? त्याच्या लेकरांना अभ्यासाला जागा कमी लागते काय? अभियंता जसा गुणलेली नोंद खऱ्या नोंदीशेजारी ठेवून पाहतो, तसे सरकारने आपला गुणक खऱ्या माणसाशेजारी ठेवून पाहायला हवा होता. गुणक असणे हा गुन्हा नाही. न तपासलेला गुणक लोकांच्या डोक्यावर उभा करणे हा गुन्हा आहे.

मोजमाप सोडून दिले की काय होते, याचेही उदाहरण इतिहासात आहे. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारला प्रचंड भूकंप झाला. गांधीजींनी सांगितले की ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी याला जाहीर विरोध केला. अस्पृश्यता हे पाप होतेच, पण भूकंपात अस्पृश्य मेले नाहीत काय? ज्याच्यावर पाप झाले त्यालाही तीच शिक्षा देणारा हा कसला न्यायाधीश? तथागतांनी कार्यकारणभाव शिकवला. प्रत्येक घटनेला कारण असते, ते शोधता येते. ‘या आणि पाहा’ हे त्या धम्माचे आवाहन आहे. डोळे मिटून माना असे ते म्हणत नाही. देवाच्या कोपाने घर पडते असे मानणारा नवस बोलतो. भिंतीत आरपार दगड नव्हता म्हणून घर पडते असे मानणारा पुढच्या भिंतीत तो दगड घालतो. आणि सॉफ्टवेअरने दिलेला आकडा न तपासता मानणारा अभियंता पहिल्या रांगेत बसतो की दुसऱ्या, हे त्याने स्वतःच ठरवावे!

बाबासाहेबांचे आणि सोलापूरचे नाते जुने आहे. 20 जुलै 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी 1925 मध्ये, सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. डोक्यावर छप्पर आणि हातात पुस्तक, या दोन गोष्टी त्यांनी एकत्र दिल्या. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना नद्या, धरणे आणि वीज हे विषय त्यांनी तज्ज्ञांच्या संस्थांच्या हाती दिले. 1945 साली पाणी, सिंचन आणि जलवाहतुकीसाठी केंद्रीय आयोग उभा राहिला तो त्याच काळात. आधी माहिती गोळा करा, मग योजना आखा, मग बांधा, ही त्या कामाची रीत होती. आज शंभर वर्षांनी सोलापुरात वसतिगृहे, समाजमंदिरे, विहारे, अभ्यासिका उभ्या राहत आहेत. निधी येतो, उद्घाटन होते, कोनशिलेवर नावे कोरली जातात. पण त्या छपराखाली झोपणाऱ्या लेकरांसाठी भूकंपाचा हिशेब कोणी, कसा केला, याची एक ओळ तरी कोठे लावलेली दिसते काय?

म्हणून आमच्या मागण्या अशा. पहिली, सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत प्रवेगमापके बसवा, काळ्या मातीवरही आणि खडकावरही, आणि त्यांच्या नोंदी सर्वांना खुल्या ठेवा. देशात अशी शेकडो यंत्रे बसली, पण मुख्य भर राहिला हिमालयाच्या पट्ट्यावर. दख्खनची जमीन शांत आहे असे मानण्याची चूक किल्लारीने एकदा दाखवून दिली आहे. यंत्र कपाशीला पाणी देत नाही, हे आम्हालाही कळते. पण पुढच्या वेळी जमीन हलली तर साक्षीदार तरी हजर राहील!

दुसरी, सार्वजनिक पैशातून बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या इमारतीच्या हिशेबात चार गोष्टी लिहा. कोणत्या नोंदी वापरल्या, त्या का निवडल्या, प्रत्येकीचा गुणक किती, आणि गुणकाची तपासणी कोणी केली. नोंदी वापरल्याच नसतील तर तेही लिहा. नागरिकांनी हे कागद 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने मागावेत. दवाखाना असो, शाळा असो की वसतिगृह, ‘आम्हाला त्यातले काय कळते’ असे म्हणून मागे सरकू नये. संविधानातले कलम आम्हाला कळते, तर चार ओळींचा तक्ता का कळू नये?

तिसरी, आमच्या अभियंता मुलामुलींना विनंती. प्रकल्पासाठी विषय शोधत फिरू नका, विषय दारात उभा आहे. सोलापूरच्या जमिनीवरची एक चार मजली इमारत घ्या. तिला वीस-पंचवीस नोंदी लावा. शिखर जुळवून पाहा, लयीवर जुळवून पाहा, सगळ्या आलेखाशी जुळवून पाहा. मोठा गुणक आणि लहान गुणक यांची उत्तरे शेजारी मांडा. कोठे कल येतो ते शोधा आणि मराठीत लिहा, म्हणजे गवंड्यालाही कळेल. एखादी नोंद हवा तो निकाल देते म्हणून ती निवडू नका. उत्तर आधी ठरवून मग पुरावा गोळा करण्याची विद्या मनूच्या वारसांची आहे, ती आपली नव्हे.

चौथी, घरकुल घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला. रमाई आवास असो वा दुसरी कोणती योजना, अनुदानाचा हप्ता मोजताना भिंतीवरची पट्टीही मोजा. ठेकेदाराने किंवा गवंड्याने ‘सोलापुरात कुठे भूकंप येतो’ म्हणून लोखंड वाचवायला सांगितले, तर त्याला किल्लारीचे अंतर सांगा.

आमच्या समाजाचे माप नेहमी दुसऱ्यांनी घेतले. आमच्या सावलीचे माप घेतले, आमच्या विहिरीपासूनच्या अंतराचे माप घेतले, आमच्या गुणवत्तेचे माप घेतले, घराचे चौरस फूटही दुसऱ्यांनीच मोजले. प्रत्येक वेळी गुणक त्यांच्या हातात आणि उत्तर आमच्या अंगावर. बाबासाहेबांनी आमच्या हातात फूटपट्टी दिली आहे. जमिनीचा हिसका असो की सरकारचा निर्णय, ती लावून पाहण्याचा अधिकार आता कोणाच्या परवानगीचा मोहताज नाही. किल्लारीची नोंद हरवली. पुढची हरवू द्यायची नाही आणि पुढचा गुणक न तपासता स्वीकारायचा नाही.

जयभीम!